शक्तिमान परत येतोय म्हणे!

चांदूर बाजारात वादाला विषय कमी पडत नाहीत. आंबिया बहाराची संत्री यंदा किती गळली, व्यापाऱ्याने बगीचा काय भावाने मागितला, पूर्णा प्रकल्पाचे पाणी कुठल्या शेतापर्यंत पोचले आणि कुठल्या शेताच्या अलीकडेच आटले, हे विषय बारमाही आहेत. पण चहाच्या हॉटेलात पस्तीस ते पंचेचाळीस वयाची, पोराबाळांची धनी झालेली माणसे अलीकडे ज्या विषयावर आवाज चढवून बोलतात, तो ऐकून नवख्याला हसू येईल. विषय आहे शक्तिमान. तो परत यावा की येऊ नये? आला तर कोणाच्या रूपात यावा? आणि आलाच, तर त्याने गिरकी घ्यावी की घेऊ नये?

या वादाला निमित्तेही तशीच मिळत गेली. २०२२च्या फेब्रुवारीत सोनी पिक्चर्सने शक्तिमानवर चित्रपट काढण्याची घोषणा केली. मार्च २०२४मध्ये मूळचे शक्तिमान मुकेश खन्ना यांनी, रणवीर सिंह हा नट या भूमिकेला चालणार नाही, असे जाहीरपणे सांगून टाकले. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांनी स्वतःच्या पुनरागमनाची एक छोटी झलक प्रसिद्ध केली आणि वयाच्या सहासष्टाव्या वर्षी तो तांबडा पोशाख चढवून ते पत्रकारांपुढे उभे राहिले. देशभर दोन तट पडले. एकाच्या डोळ्यांत पाणी आले, दुसऱ्याने टिंगल केली. मग खन्ना यांनाच खुलासा करावा लागला की पुढचा शक्तिमान मी होणार असे मी म्हटलेले नाही, मी आलो आहे तो आजच्या मुलांना काही सांगायला.

दूरदर्शनच्या एका जुन्या मालिकेवरून एवढा गदारोळ कशासाठी, असे साठी उलटलेल्या वाचकाला वाटेल. मलाही प्रथम तसेच वाटले. पण वाद कान देऊन ऐकला, तेव्हा ध्यानात आले की ही माणसे एका नटाविषयी बोलत नाहीत. एखादी गोष्ट बालपणी आपल्याला मिळाली, मग ती मध्येच तुटली. आता ती परत येत असेल, तर तिच्यावर हक्क कोणाचा? प्रश्न हा आहे, आणि तो पोरकट नाही.

तीन पक्ष

हा वाद ऐकताना मला साधारण तीन पक्ष दिसले. पहिला पक्ष निष्ठावंतांचा. "रामायणात जसा अरुण गोविल, तसा शक्तिमानात मुकेश खन्ना. दुसरा कोनी चालतच नाही गा," असे एक संत्रा बागाईतदार टेबलावर हात आपटून म्हणाले. दुसरा पक्ष व्यवहारी लोकांचा. "आता काय उडन बाप्पा तो? त्याचे गुडघे दुखत असतीन. नवा पोट्टा घ्या, चांगला तालीमबाज पाहून." तिसरा पक्ष सर्वांत कडवा. त्यांचे म्हणणे असे की शक्तिमान परतच आणू नका. "होतं ते मस्त होतं. आता मोठ्या पडद्यावर आणून त्याची वाट काहून लावता?"

या तिघांना गप्प करणारा प्रश्न आला तो एका बाईंकडून. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. त्या म्हणाल्या, "मालिकेत गीता विश्वास बदलली होती, तवा तुमच्यापैकी कोनं काही म्हटलं का? मंग शक्तिमान बदलला तर तुमाले काहून चालत नाही?" त्यांचे म्हणणे बिनतोड होते. वार्ताहर गीता विश्वासची भूमिका किटू गिडवानी आणि वैष्णवी महंत अशा दोघींनी केली, आणि प्रेक्षकांनी ती दोन्ही रूपे निमूटपणे स्वीकारली. बाईंनी पुढे आणखी एक सांगितले. त्या लहान असताना गल्लीत शक्तिमानचा खेळ चाले, तेव्हा शक्तिमान व्हायला पोट्टे त्यांना कधी देतच नसत. मग त्या गीता होत आणि हातात वही घेऊन पोट्ट्यांची मुलाखत घेत. "आता नवीन आणायचाच असन, तर यावेळी पोरीले पन उडू द्या," एवढे बोलून त्यांनी चहाचे पैसे दिले आणि त्या निघून गेल्या. हॉटेलातला वाद थोडा वेळ थंडावला.

मुंग्या, अँटेना आणि ट्रॅक्टरची बॅटरी

शक्तिमान दूरदर्शनवर अवतरला तो १९९७च्या सप्टेंबरात. त्याआधी दूरदर्शनने विज्ञानकथा दाखवलीच नव्हती असे नाही. ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी 'स्टार ट्रेक' ही अमेरिकन मालिका लागत असे. इंग्रजी कळत नसूनही आपल्याकडची पोरे त्या टोकदार कानांच्या स्पॉकसाठी टीव्हीपुढे बसत. १९८९च्या सुमारास 'इंद्रधनुष' आणि 'स्पेस सिटी सिग्मा' या देशी मालिका आल्या. पहिलीत मुले संगणक जुळवता जुळवता काळाच्या प्रवासाला निघत आणि दुसरीत पुठ्ठ्याच्या वाटाव्यात अशा अंतराळयानातून कॅप्टन तारा शत्रूशी झुंजत असे. शक्तिमानच्या पाठोपाठ १९९८मध्ये केतन मेहतांचा 'कॅप्टन व्योम' आला. त्यात मिलिंद सोमण बाविसाव्या शतकातला वीर झाला होता. पण या सगळ्यांना शक्तिमानची सर आली नाही. व्योम शहरी होता, त्याची याने आणि शस्त्रे आपली वाटत नसत. शक्तिमानला मात्र यान लागत नव्हते. एक हात वर करायचा आणि स्वतःभोवती गिरकी घ्यायची. एवढे भांडवल खेड्यातल्या कुठल्याही अंगणात उपलब्ध होते.

प्रथम ही मालिका शनिवारी सकाळी आणि मंगळवारी संध्याकाळी लागे. पोरे शाळा बुडवतात अशी ओरड झाली आणि ती रविवारी दुपारी बाराला गेली. आमच्या वऱ्हाडात रविवारी दुपारी बाराची वेळ म्हणजे काय, हे अनुभवलेल्यालाच कळेल. उन्हाने रस्ते ओस पडलेले. ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या ओसरीत चपलांचा ढीग. एक पोरगा माळवदावर चढून अँटेना फिरवतो आहे, खालून दहा गळे ओरडताहेत, "आलं, आलं... गेलं! मुंग्या आल्या!" भारनियमनाच्या दिवसांत तर ट्रॅक्टरची बॅटरी उतरवून तिच्यावर छोटा ब्लॅक-अँड-व्हाइट टीव्ही चालवला जाई. मालिका संपली की बॅटरीही संपलेली असायची आणि दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर ढकलून सुरू करावा लागे. त्यावरून घरात होणारी भांडणे ही मालिकेचाच पुढचा भाग असत. हिवाळ्यात बहिरमच्या यात्रेला गेलेली मुले मोठ्यांना रोडग्यांची पंगत सोडून पोशाखांच्या दुकानाकडे ओढीत नेत.

आज चाळिशीला आलेल्या माणसाला 'शक्तिमान' म्हटले की आठवतो तो हा सगळा गोतावळा. मालिका त्याच्या मध्यभागी होती इतकेच. म्हणून एप्रिल २०२०मध्ये टाळेबंदीच्या काळात दूरदर्शनने शक्तिमान पुन्हा दाखवायला घेतला, तेव्हा अनेकांची फजिती झाली. मोठ्या हौसेने त्यांनी मुलांना शेजारी बसवले. मुलांनी दोन-तीन भाग पाहिले आणि विचारले, "पप्पा, हे दोरीवर लटकलेले दिसते नं?" पप्पांना ती दोरी आजवर दिसलीच नव्हती.

मालिका का थांबली?

या वादात एक गोष्ट सहसा कोणी काढत नाही, आणि माझ्या मते ती सर्वांत महत्त्वाची आहे. शक्तिमान २००५च्या मार्चमध्ये थांबला तो प्रेक्षक कंटाळले म्हणून थांबला नाही. त्या काळी दूरदर्शनवरच्या अशा मालिकांचा व्यवहार उलटा असे. निर्माता स्वतःच्या पैशाने मालिका बनवी, प्रसारणासाठी दूरदर्शनलाच फी भरी आणि बदल्यात मिळालेली जाहिरातीची मिनिटे विकून खर्च भरून काढी. मुकेश खन्ना यांनी नंतर मुलाखतींतून सांगितलेला हिशेब असा की सुरुवातीला एका भागामागे सुमारे ३ लाख ८० हजार रुपये भरावे लागत. रविवारच्या वेळेसाठी तो आकडा वाढत १० लाख ८० हजारांवर गेला आणि पुढे सोळा लाखांची भाषा सुरू झाली. चारशेहून अधिक भाग झालेली मालिका तिथे बंद पडली.

म्हणजे गोष्ट संपली नाही, हिशेब जुळला नाही. अंधाराचा सम्राट किल्विष हरला की नाही, गंगाधर शास्त्री नावाच्या त्या पुढे आलेल्या दातांच्या भोळसट छायाचित्रकाराचे पुढे काय झाले, गीताला शेवटी काय मिळाले, या सगळ्यांचा मुलांच्या मनासारखा निकाल लागायचा राहून गेला. एका रविवारी दुपारी बाराला ओसरीत चपला जमल्या आणि पडद्यावर दुसरेच काहीतरी लागले.

बँकेत उभी हयात घालवलेल्या माणसाला हे चित्र ओळखीचे वाटते. दहा वर्षे ज्या खात्यात काहीच व्यवहार झाला नाही, त्यातली रक्कम २०१४पासून रिझर्व्ह बँकेच्या एका खास निधीत जमा होते. पण म्हणून खातेदाराचा हक्क बुडत नाही. तो किंवा त्याचा वारस केव्हाही येऊन ओळख पटवू शकतो आणि व्याजाचे खाते असेल तर व्याजासकट रक्कम मागू शकतो. असे दावेदार काउंटरवर आले की अडचण बहुधा एकच येते. तीस वर्षांपूर्वीची सही आज जुळत नाही. माणूस तोच असतो, पण हात कापत असतो. अर्जावर नमुन्यादाखल केलेली तरुणपणची ठसठशीत सही आणि समोरची डगमगती रेघ यांत साम्य शोधत अधिकारी बसतो. अशा वेळी शहाणा अधिकारी जुन्या सहीचा हट्ट धरत नाही. वय झाले आहे हे मान्य करून तो ओळख पटवण्याचा दुसरा मार्ग काढतो.

शक्तिमानच्या वादात नेमके हेच अडले आहे. निष्ठावंतांना जुनीच सही हवी आहे.

दुसरीकडे काय केले?

ही अडचण आपल्यावरच आलेली नाही. ज्या 'स्टार ट्रेक'मुळे आपल्या पोरांना अंतराळयानाची ओळख झाली, ती मालिका अमेरिकेत १९६६ साली सुरू झाली. दोन वर्षांत ती बंद पडायच्या बेताला आली, तेव्हा प्रेक्षकांनी पत्रांचा पाऊस पाडून तिला तिसरे वर्ष मिळवून दिले. चाहत्यांच्या हट्टाला वाहिन्या भिऊ लागल्या त्या तेव्हापासून. पुढे १९८७ ते १९९४ या काळात तिची दुसरी पिढी आली. कॅप्टन पिकार्ड आणि त्याचे सहकारी. आणि २०२३मध्ये 'पिकार्ड' या नव्या मालिकेच्या तिसऱ्या पर्वात ते जुने सहकारी जवळजवळ सगळे पुन्हा एकत्र आणले गेले. शेवटच्या भागासाठी जुन्या यानाचे नियंत्रण दालन जसेच्या तसे पुन्हा उभारले. त्यातली सतरंजी पाहूनसुद्धा म्हणे लोक रडले.

तिथेही तट पडलेच. एक पक्ष म्हणाला, घरी परत आल्यासारखे वाटले. दुसरा म्हणाला, ही आठवणींची लाच आहे, कथा दुबळी असली की ओळखीचे चेहरे पुढे करायचे. दोन्ही बाजूंत तथ्य होते. पण निर्मात्यांनी एक गोष्ट नीट केली. पॅट्रिक स्ट्यूअर्ट तेव्हा ब्याऐंशी वर्षांचे होते आणि ते त्यांनी लपवले नाही. पिकार्ड म्हातारा झाला आहे, आणि आपल्याला एक वाढलेला मुलगा आहे हे त्याला या वयात कळते. ज्याने आयुष्यभर याने चालवली, त्याला बाप होणे जमेल का, अशी ती कथा आहे. मधली तीस वर्षे वगळून ती लिहिता आली नसती.

इंग्लंडने वेगळी वाट काढली. तिथल्या 'डॉक्टर हू' या १९६३ पासूनच्या मालिकेत मुख्य नटाची प्रकृती ढासळली, तेव्हा लेखकांनी १९६६मध्ये कथेतच तरतूद केली. हा परग्रहावरचा डॉक्टर मरणाला टेकला की त्याचे शरीर बदलते, माणूस तोच राहतो. त्या एका युक्तीवर ती मालिका १९८९पर्यंत चालली, थांबली आणि २००५मध्ये नव्या नटासह पुन्हा उभी राहिली. आपल्याला ही कल्पना नवी वाटायला नको. दहा अवतारांचा देव ज्यांनी मानला, त्यांना चेहरा बदलला तरी देव तोच, हे इंग्रजांनी शिकवायची गरज नाही.

मराठी रसिकाला याचा घरचा दाखला हवा असेल, तर 'नटसम्राट' आठवावे. १९७०मध्ये डॉ. श्रीराम लागूंनी अप्पा बेलवलकर उभा केला, तेव्हा दुसऱ्या कुणी तो करावा हे लोकांना सहन होण्यासारखे नव्हते. पण दत्ता भटांनी केला, इतरांनीही केला. लागूंचा पाहिला की भटांचा, यावर दोन पिढ्या भांडल्या. त्या भांडणाने नाटक लहान झाले नाही. भूमिका एका नटाच्या अंगावरून उतरून दुसऱ्याच्या अंगावर बसली, म्हणून ती जगली.

मुकेश खन्ना यांचे ऋण कोणी नाकारू नये. रविवारची फी भरून त्यांनी मालिका चालवली, हे धाडस होते. पण २०१३मध्ये पोगो वाहिनीवर त्यांनाच घेऊन एक शक्तिमानपट आलाही होता. निष्ठावंतांपैकी किती जणांना तो आठवतो? मी हॉटेलात विचारले. कोणालाही आठवला नाही. ज्या चेहऱ्यासाठी एवढा आग्रह, तो चेहरा घेऊन शक्तिमान येऊन गेला आणि यांना पत्ताही लागला नाही. यावरून चेहऱ्याचे महत्त्व किती ते कळावे.

विज्ञानाची बाजू

आता थोडे कडू बोलतो. शक्तिमान ही विज्ञानकथा होती का, असा एक उपवाद या सगळ्यात दडलेला आहे. तिच्यात प्रयोगशाळा होत्या, यंत्रे होती, कृत्रिम माणसे होती. पण नायकाची शक्ती आली होती ती योगसाधनेतून आणि पंचमहाभूतांतून. माझी तक्रार त्याविषयी नाही. कल्पनेला तेवढी मोकळीक असावी. माझी तक्रार अशी की त्या मालिकेत विज्ञानाचा ठळक प्रतिनिधी होता तो डॉक्टर जॅकाल, सत्तेसाठी वेडा झालेला. योगाच्या बाजूला शक्तिमान आणि विज्ञानाच्या बाजूला जॅकाल. अशी विभागणी केली की सामना सुरू होण्याआधीच निकाल लागतो.

हा सामना आमच्या तालुक्याला नवा नाही. चांदूर बाजारजवळचे माधान हे प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराजांचे गाव. १८८१ ते १९१५ एवढेच त्यांचे आयुष्य. दृष्टी तान्हेपणीच गेलेली. इतरांकडून वाचून घेऊन त्यांनी जे अफाट लेखन केले, त्यात डार्विन आणि स्पेन्सर यांच्या मतांचीही झाडाझडती घेतली. त्यांचे निष्कर्ष कोणाला पटोत न पटोत, पण प्रतिपक्षाला वेडा न ठरवता, त्याचे म्हणणे समजून घेऊन त्यांनी वाद घातला. शंभर वर्षांपूर्वी माधानात जे झाले, ते १९९७च्या दूरदर्शनला जमायला हरकत नव्हती.

याचा परिणाम पोरांवर झाला का? त्या काळी वर्तमानपत्रांत बातम्या आल्या की शक्तिमान वाचवायला येईल या भरवशावर मुलांनी उंचावरून उड्या घेतल्या, कुणी स्वतःला पेटवून घेतले. त्यांतल्या खऱ्या किती यावर निर्मात्यांनी वाद घातला. पण पुढे शक्तिमानलाच पडद्यावर येऊन, मी करतो ते तुम्ही करू नका, असे मुलांना बजावावे लागले, एवढे खरे. 'छोटी छोटी मगर मोटी बातें' या नावाने प्रत्येक भागाच्या शेवटी तो जो उपदेश करी, तो आजच्या चाळिशीतल्या माणसांना मालिकेपेक्षाही अधिक आठवतो. दात घासण्यापासून खोटे न बोलण्यापर्यंतची ती शिकवण आईवडिलांना हवीच होती. परंतु 'हे असे का होते?' असा प्रश्न विचारायला त्या शेवटच्या पाच मिनिटांत कोणी शिकवले नाही.

तो प्रश्न मराठीत दुसरीकडे विचारला जात होता. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४च्या कथास्पर्धेत नारायण विनायक जगताप या नावाने 'कृष्णविवर' ही कथा आली आणि पहिली ठरली. लेखक होते जयंत विष्णु नारळीकर. स्वतःची आद्याक्षरे उलटी करून त्यांनी ते नाव घेतले होते, म्हणजे परीक्षकांवर शास्त्रज्ञाच्या कीर्तीचे दडपण नको. २० मे २०२५ रोजी नारळीकर गेले. पण विज्ञानकथेत कल्पना कितीही उंच उडो, तिचा एक पाय विज्ञानाच्या जमिनीवर हवा, हा त्यांचा आग्रह मागे उरला आहे. त्यांच्या एका कादंबरीचे नाव 'वामन परत न आला' असे आहे. आपल्याआधी पृथ्वीवर नांदून गेलेल्या प्रगत संस्कृतीने मागे ठेवलेले ज्ञान माणसाच्या हाती लागते आणि त्यातून बुद्धिमान यंत्रमानव उभा राहतो, अशी ती कथा. गंमत अशी की तिच्या इंग्रजी आवृत्तीचे नाव 'वामनाचे पुनरागमन' अशा अर्थाचे आहे. एकाच पुस्तकाला मराठीत तो परत न आल्याचे नाव आणि इंग्रजीत परत आल्याचे! आमच्या हॉटेलातल्या दोन पक्षांची समजूत या एका पुस्तकावर घालता यावी.

आज ज्या मुलांसाठी नवा शक्तिमान आणायचा, त्यांनी २३ ऑगस्ट २०२३ला चांद्रयान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरताना पाहिले आहे. २०२५च्या जूनमध्ये शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेलेले पाहिले आहेत. यांच्यापुढे पुन्हा जॅकालच उभा करणार असाल, तर ती मुले दोरी लगेच ओळखतील.

मग कोणाचा हक्क?

इथे बँकेतली आणखी एक गोष्ट सांगून थांबतो. ठेवीवर नाव लावलेला नॉमिनी, म्हणजे नामनिर्देशित माणूस, हा त्या पैशाचा मालक असतो असा अनेकांचा समज असतो. त्यावरून घरोघर भावाभावांत भांडणे लागतात. कायद्याने तो मालक नसतो. बँकेकडून रक्कम स्वीकारायची आणि ती खऱ्या वारसांपर्यंत पोचवायची, एवढ्यापुरता तो विश्वस्त असतो. हे समजावून सांगितले की काही जणांचे चेहरे पडतात, काही जण मात्र निमूटपणे सही करून पैसे घरी नेतात आणि वाटून देतात.

शक्तिमानच्या चाळिशीतल्या चाहत्यांनी स्वतःला खातेदार समजावे हे स्वाभाविक आहे. माळवदावर चढून अँटेना त्यांनीच फिरवला. पण त्यांची ठेव त्यांना मिळून चुकली आहे. त्या दुपारी त्यांच्या जमा आहेत आणि कुठल्याही नव्या मालिकेने त्यांत भर पडणार नाही की घट येणार नाही. आता जे यायचे ते वारसांसाठी यावे. त्या वारसांना नवा नट चालेल, उडणारी मुलगी चालेल, म्हातारा झालेला, गुडघे दुखणारा, कुणाला तरी शिकवून बाजूला होणारा शक्तिमानही चालेल. खन्ना यांनी खुलासा करताना जे म्हटले, ते त्यांनी मनापासून पाळले तर कथेला त्याहून चांगली सुरुवात नाही.

एका गोष्टीची मात्र मला काळजी वाटते आणि ती कुठल्याच निर्मात्याच्या हातात नाही. आज चांदूर बाजारच्या एकाच घरात चार माणसे चार फोनवर चार वेगळ्या गोष्टी बघत असतात. ओसरीतले टीव्ही गेले, चपलांचे ढीगही गेले. नवा शक्तिमान आला, तर तो प्रत्येकाच्या तळहातावर वेगवेगळ्या वेळी येईल. एकाने पहिला भाग पाहिलेला असेल तेव्हा दुसऱ्याचा दहावा संपलेला असेल, मग गल्लीत खेळ कोणाशी मांडायचा? तेव्हा निष्ठावंतांना माझी एक सूचना आहे. नट कोण असावा हा आग्रह सोडा. नवी मालिका येईल तेव्हा रविवारी दुपारी बाराला घरातला मोठा पडदा लावा, शेजारची पोरे बोलवा, पोरीही बोलवा, आणि त्यांना दोरी दिसली तर दिसू द्या. ती दोरी कशी बांधतात, असे त्यांनी विचारले, तर गप्प बसा म्हणू नका.